साराला कुणी विचारलं होतं?

"ही पेटी कुणाची?" मी विचारलं.

"ऑर्डर आहे," हे म्हणाले आणि पुन्हा रंधा मारायला लागले.

हे म्हणजे माझे मालक, बिन्यामीन. थळच्या पुढे समुद्राच्या अंगाला आमचं गाव, तिथे यांचं सुतारकाम. दारं, खिडक्या, पाळणे, होडीच्या फळ्या, जे येईल ते करायचे. माणूस मुलखाचा अबोल. मी अगदी उलट, माझं तोंड म्हणजे सासूबाईंच्या भाषेत सताड उघडं दार. त्या दिवशी मी चहा घेऊन पडवीत गेले आणि ती पेटी बघून तिथेच थबकले. सागाची, साडेतीन फूट लांब, अरुंद. झाकणाला अजून बिजागऱ्या बसल्या नव्हत्या. एवढ्या मापाची पेटी मी आयुष्यात एकदाच पाहिली होती. कोर्लईच्या एका ख्रिस्ती घरातलं मूल गेलं होतं, तेव्हा यांनीच ती करून दिली होती.

"कुणाची ऑर्डर?"

"आहे एकाची. चहा ठेव तिथे आणि जा."

मी गेले, पण माझं लक्ष काही त्या पेटीतून निघेना.

आम्ही बेने इस्रायल. देव यहुद्यांचा, भाषा आणि भाकरी कोकणची. लग्नाला सात वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं, आणि झालं तेव्हा आमच्यात बायका बोलतात तसा मीही नवस बोलले होते. सात वर्षं पोराच्या केसांना कात्री लावायची नाही. मग अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जिथे कातळावर आमच्या प्रेषिताच्या, एलियाहू हनाबीच्या, घोड्याची टाप उमटली आहे असं आम्ही मानतो, तिथे सगळ्या घराने जाऊन केस काढायचे आणि मलिदा करायचा. मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, वर फळं, आणि हनाबीच्या नावाने गाणी. हे पंचावन्न सालचं सांगते आहे. इझ्राला सात पुरी व्हायला महिना उरला होता. कमरेपर्यंत केस, दोन वेण्या. गावातली पोरं त्याला 'इझाबाई' म्हणून चिडवायची आणि तो दगड घेऊन त्यांच्या मागे लागायचा.

हा झाला माझा नवस. यांचा वेगळा होता.

दोन वर्षांपूर्वी इझ्राला विषमज्वर झाला होता. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी मान हलवली. हे उठले, भर दुपारचे आमच्या मशिदीत गेले. आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो. आतून दार लावून घेतलं. तासाभराने आले ते डोळे सुजवून, आणि दिवेलागणीला पोराचा ताप उतरला. माझ्या डोळ्यांदेखत उतरला.

"काय बोललात तिथे?" मी विचारलं होतं.

"बोललो काहीतरी. फेडायच्या वेळी कळेल तुला."

दोन वर्षं मी खोदून खोदून विचारलं. भिंतीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

पेटी पाहिली त्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी शालोमकाकांचं कीर्तन होतं. काका आमचे हझ्झान. प्रार्थना तेच चालवायचे, कोंबडी तेच कापायचे आणि कीर्तनही तेच करायचे. त्या दिवशी त्यांनी अब्राहामाची कथा लावली. देव म्हणतो, तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, तुझा लाडका, त्याला घेऊन डोंगरावर जा आणि मला दे. अब्राहाम पहाटे उठतो. लाकडं फोडतो, दोरी घेतो, सुरी घेतो. बायकोला, साराला, काही सांगत नाही. काकांचा आवाज असा लागला होता की बाजाची पेटी वाजवणारा वाजवायचं विसरला. इसहाकाला बांधून लाकडांवर ठेवलं, बापाने सुरी वर उचलली, आणि काका तिथे थांबले. साऱ्या मांडवात हुंदके.

मी पुरुषांच्या बाजूला पाहिलं. हे तोंडात उपरणं कोंबून रडत होते. घरात कुणाचं मयत झालं असतं तर मी समजले असते, पण यांची आई तर माझ्या शेजारी बसून सुपारी कातरत होती. मग हे रडणं कुणासाठी?

"आई," मांडीवरून इझ्रा म्हणाला, "इसहाक पळाला का नाही?"

"गप बस."

परत येताना सासूबाईंना मी म्हटलं, "मामी, शेवटी देवाने वाचवलंच ना त्याला."

"वाचवलं म्हणतात," त्या म्हणाल्या. "माझा बाप शिकलेला होता. तो सांगायचा, डोंगरावरून अब्राहाम उतरला असं लिहिलंय. इसहाक उतरला असं नाही लिहिलेलं."

"म्हणजे?"

"मला काय विचारतेस? आणि पुढच्याच पानावर सारा मेली. पायाखाली बघ, शेण आहे."

त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. यांचंही तेच. ताट पुढ्यात घेऊन बसायचे आणि इझ्राकडे बघत राहायचे. पोर गोट्या खेळतंय, हे बघताहेत. पोर झोपलंय, हे बघताहेत. मंगळवारी यांनी पेटीला बिजागऱ्या लावल्या. बुधवारी बाजारातून नवी दोरी आणली, काथ्याची, दहा-बारा हात. गुरुवारी वस्तरा काढून दगडावर घासत बसले. धार लावणं यांचं रोजचंच काम, पण पटाशी वेगळी आणि वस्तरा वेगळा.

"हे कशाला?" मी विचारलं.

"लागेल."

"अहो, तुम्हाला माझी शपथ आहे. काय बोलला होतात त्या दिवशी मशिदीत?"

हात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शब्द दिलाय, सेगुला. त्याने त्याचं केलं, आता मला माझं करायला हवं."

"काय करायला हवं?"

"तू विचारू नकोस. तू विचारलंस की माझं अवसान जातं."

तुम्ही म्हणाल, वेडी बाई, कुणी स्वतःच्या पोराला मारतं का? मीही दिवसा तेच म्हणायचे. आमचे हे मुंगी मरेल म्हणून लाकूड झटकून घेणारे. पण असं बघा, ज्या अब्राहामाच्या नावाने आम्ही रोज प्रार्थना करतो, तो काय कसाई होता? तोही चांगलाच माणूस होता. चांगला होता म्हणून तर निघाला. हे डोक्यात आलं की मी हातातलं काम टाकून इझ्रा कुठे आहे ते बघून यायचे. मी झोपताना पदराची गाठ इझ्राच्या सदऱ्याला मारून झोपायला लागले.

सोमवारी सकाळी मी किनाऱ्यावर मासळी आणायला गेले. होडीला उशीर झाला. परत आले तर पडवीत पेटी नाही, दोरी नाही. आत हाक मारली, इझ्रा नाही. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"मामी, इझ्रा कुठाय?"

"बापाबरोबर खंडाळ्याला गेला. केस काढायला."

"आज? माझ्याशिवाय? मलिदा नाही, माणसं नाहीत?"

"मी म्हटलं की तसं. तर म्हणाला, तिला आत्ता सांगू नकोस, ती आली तर माझ्याच्याने व्हायचं नाही."

मासळीची टोपली माझ्या हातातून सुटली. "आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"केसच काढायचेत, त्यात न व्हायला काय झालंय?" त्या म्हणाल्या, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचे हात तांदळातच राहिले. "अगं बाई. सेगुला, पळ."

दोन तासांची वाट. मी अनवाणी निघाले ते चालले किती आणि धावले किती, सांगता येत नाही. वाटेत एक बाई गवताचा भारा घेऊन येत होती. तिला विचारलं, "लांब केसांचं पोर पाहिलंस का?"

"गाडी गेली की बैलाची. मागे पेटी होती, तिच्यावरच बसलं होतं. गाणं म्हणत होतं."

पोर स्वतःच्या पेटीवर बसून गाणं म्हणत होतं. मी तिथेच मटकन बसले. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मला देवाचीच भीती वाटत होती. त्याला काय सांगणार होते मी? नको घेऊस म्हणून? साराने सांगितलं असतं तर ऐकलं असतं का त्याने? तिला कुणी विचारलं होतं? मग मला असा काही संताप आला की त्या संतापावरच मी उठले आणि राहिलेली वाट तुडवली.

खंडाळ्याचा तो कातळ झाडीतून एकदम समोर येतो. आधी मला गाडी दिसली, सोडलेले बैल दिसले. मग कातळावर इझ्रा दिसला, माझ्याकडे पाठ करून बसलेला. वेण्या सोडलेल्या, मान खाली. त्याच्या मागे हे उभे. डावा हात पोराच्या माथ्यावर घट्ट दाबलेला आणि उजव्या हातातला वस्तरा थेट मानेवर.

"मारू नका! माझ्या लेकराला मारू नका!"

तो आवाज माझा होता हे मला नंतर कळलं. मी जाऊन वस्तरा पात्याकडूनच धरला. कशाकडून धरते आहे याची शुद्ध कुणाला होती! तळहात कापला, रक्ताची धार कातळावर लागली. यांनी वस्तरा टाकला आणि माझा हात धरला.

"सेगुला! अगं, काय करतेस? केस काढतोय!"

मी बघितलं. अर्ध्या डोक्याचे केस निघाले होते, कातळावर त्यांचा ढीग पडला होता. पलीकडे झाडाखाली शालोमकाका प्रार्थनेचं पुस्तक घेऊन उभे होते. त्यांच्या शेजारी माझे थोरले दीर रऊबेन, मुंबईचे, कोट घातलेले. मी जे बघायला आले होते त्यातलं तिथे काहीच नव्हतं.

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. "मग चोरून का आणलंत? आणि भावजी इथे कसे? ती पेटी कशाला?"

रऊबेन भावजी बुटाने माती उकरत होते. मीच गाडीकडे गेले आणि रक्ताळल्या हाताने काथ्याची दोरी सोडून पेटीचं झाकण उघडलं. आत इझ्राचे सगळे कपडे होते, घडी घालून. त्याची पाटी होती, नवा स्वेटर होता. आमच्या गावात स्वेटर कोण घालतं?

"भावजी," मी म्हटलं, "तुमची जायची तारीख लागली ना?"

"परवा," ते म्हणाले. "मुंबईहून."

इस्रायलला निघाले होते ते, सगळं कुटुंब घेऊन. त्या वर्षांत आमचे लोक घरं विकून जातच होते.

तेव्हा हे बोलले. आयुष्यात एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. "मी म्हटलं होतं, हा जगला तर हा तुझा. तुझ्या देशात धाडीन. आपल्याला काही इतक्यात जायला जमायचं नाही, आईला सोडून कसं जाणार? दादा म्हणाला, मी नेतो, माझ्या पोरांत वाढेल. मी शब्द दिला होता, सेगुला. नाही पाळला आणि त्याने परत नेला तर?"

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"घरी येऊन."

"एकटे येऊन."

म्हणजे अब्राहामासारखेच हेही एकटेच उतरणार होते. मी उगीच नव्हते धावले, एवढं मला त्या क्षणी कळलं.

"मला का नाही विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग!"

"म्हणूनच," हे म्हणाले.

मी शालोमकाकांकडे वळले. "काका, तुम्ही तरी? अवघ्या गावाला शिकवता तुम्ही. ही कसली गोष्ट हो? बाप पोराला घेऊन निघतो आणि आईला पत्ता नाही! कुणी रचली ती? कशासाठी?"

काका म्हातारे, माझ्या बापाच्या वयाचे. ते कातळावर बसले. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"कुणी रचली मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "फार जुनी आहे. पण ज्या मुलखात ती सांगायला लागले ना पोरी, तिथे भोवतालचे लोक पहिला मुलगा देवाला द्यायचे. खरंच द्यायचे. बापाला वाटायचं, याच्याहून मोठं मी काय देणार? मला वाटतं, असल्याच बापांना बसवून कुणीतरी ही गोष्ट सांगितली असेल. की बाबांनो, आपला अब्राहामही निघाला होता. सुरीही उचलली होती. आणि देव म्हणाला, नको."

त्यांनी डोळे पुसले. "मी चाळीस वर्षं कीर्तनात सुरी उचलण्यावरच रंग भरला. लोक तिथे रडतात ना! 'नको' एवढं मी घाईघाईत म्हणून टाकतो, कारण तोवर मंडळी चहाला उठायला लागतात. बिन्यामीन माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला म्हणायला हवं होतं, नको. मी म्हणालो, धन्य आहेस."

"मग आता म्हणा," मी म्हटलं.

काका उठले आणि यांच्या समोर गेले. "बिन्यामीन, नवस सोडवता येतो. तीन माणसं बसतात, बोललेला माणूस म्हणतो की मला पश्चात्ताप झाला, आणि ती तीन माणसं त्याला मोकळा करतात. शास्त्रातच आहे. उद्या मशिदीत बसू. तुझी इच्छा हवी मात्र."

हे माझ्या हाताकडे बघत होते. तळहातावर मी पदर गुंडाळला होता, तो भिजला होता. "मला झोप नाही काका, दोन महिने," ते म्हणाले. "सोडवा."

मला वाटलं, सुटले. सगळं संपलं.

"चल रे इझ्रा," हे म्हणाले, "राहिलेले केस काढून टाकू," आणि वस्तरा उचलायला वाकले.

इझ्रा किंचाळला. तसली किंकाळी मी पुन्हा कधी ऐकली नाही. माझ्या मागे येऊन त्याने दोन्ही हातांनी माझं लुगडं धरलं आणि तोंड त्यात खुपसलं. हे पुढे आले तसा तो मला धरूनच मागे मागे सरकला. मी येण्याआधी तो वस्तऱ्याने गुदगुल्या होतात म्हणून हसत होता, असं भावजींनी मला नंतर सांगितलं.

घरी आम्ही गाडीतूनच आलो. इझ्रा माझ्या मांडीवर, हे बैलांच्या बाजूने चालत. अर्धं डोकं मी घरी येऊन कात्रीने कापलं.

दुसऱ्या दिवशी नवस सुटला. भावजी पोराशिवाय गेले. पण शुक्रवारी संध्याकाळी बाप मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो, तसा यांनी हात ठेवायला पुढे केला तर इझ्रा मोरीत जाऊन लपला. पुढच्या शुक्रवारीही लपला. मग यांनी हात पुढे करणं सोडलं.

"तू सांग त्याला," हे मला म्हणाले. "माझ्याकडे तो उभा राहत नाही. तुझं ऐकेल. सांग, बाप मारत नव्हता म्हणून."

"सांगते," मी म्हटलं.

आणि मी सांगितलं नाही.

आधी वाटलं, थोडा सावरू दे. मग वाटलं, थोडा मोठा होऊ दे. पण आता कुणाची लाज धरू? खरं काय ते सांगते. भावजींची पत्रं यायची, पोराला अजूनही पाठवा, इथे शाळा चांगली आहे. पत्र आलं की माझं काळीज लटलट उडायचं. बापाला भिणारं पोर आईला सोडून कुठे जात नाही, हे मला चार दिवसांतच कळलं होतं. यांनी पुन्हा दोनदा विचारलं, "सांगितलंस का?" मी म्हटलं, "सांगितलं, पण त्याच्या मनातून जात नाही." हे मान हलवून रंधा मारायला गेले.

इझ्रा मोठा झाला, अलिबागला मास्तर झाला. बापाशी बोलायचा, औषधं आणायचा, कशात कमी केलं नाही. फक्त दोघं एका खोलीत असले की तो दाराजवळ बसायचा.

हे एकोणऐंशी साली गेले. इझ्राने कद्दीश, म्हणजे गेलेल्याच्या नावाची प्रार्थना, म्हटली, सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसला. सातव्या दिवशी माणसं उठून गेल्यावर तो मला म्हणाला, "आई, एक विचारू? त्या दिवशी खंडाळ्याला बाबा मला खरंच कापणार होते?"

एकतीस वर्षांचा पुरुष. आवाज मात्र सात वर्षांचा होता.

"नाही रे," मी म्हटलं. "केस काढत होते. मीच घाबरून ओरडले." आणि मग सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. पेटी, स्वेटर, रऊबेनकाका, नवस आणि त्याची सोडवणूक. बापाने मला काय सांगायला सांगितलं होतं, आणि मी का गप्प राहिले, तेही.

तो भडकला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी हात जोडून ऐकल्या असत्या. तो नुसता खाली बघत राहिला.

"दवाखान्यात शेवटच्या दिवशी," तो म्हणाला, "तू चहाला गेली होतीस, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला होता."

"मग?"

"मी डोकं मागे घेतलं गं, आई."